वस्तऱ्यानंतरचा पहिला इंच

मानवी डोक्यावरचा केस दिवसाला सरासरी 0.35 मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एक सेंटिमीटरच्या किंचित वर वाढतो. व्यक्ती आणि वय यांनुसार या वेगात फरक पडत असला, तरी वस्तऱ्याने तुळतुळीत केलेल्या डोक्यावर इंचभर केस येण्यास साधारण दहा आठवडे लागतात, हे गणित बहुतेक निरोगी माणसांच्या बाबतीत जुळते. या पहिल्या इंचात केसाचे दिसणे, हाताला लागणे आणि वळणे जितक्या वेळा बदलते, तितक्या वेळा पुढच्या फूटभर वाढीतही बदलत नाही. आणि केसांविषयीच्या ज्या समजुती घरोघरी पक्क्या झाल्या आहेत, त्यांतील बऱ्याचशा याच इंचाच्या चुकीच्या वाचनातून आलेल्या आहेत.

मुंबईच्या विक्रोळी उपनगरात कन्नमवार नगर, टागोर नगर किंवा पार्कसाइटच्या सलूनमध्ये खुर्चीत बसणारा गिऱ्हाईक या लांबीसाठी मिलिमीटरची भाषा वापरत नाही. तो ‘बाजूला एक नंबर, वर तीन नंबर’ किंवा ‘झिरो मशीन मारा’ एवढेच सांगतो आणि कारागिराला ते पुरते. हे आकडे विजेच्या मशीनवर चढवल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या कंगव्यांचे आहेत. अमेरिकेतील लिओ वाल याने 1919 साली अशा विद्युतचुंबकीय मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे या धंद्यात जी मोजपट्टी रूढ झाली, ती इंचाच्या आठव्या भागाची झाली. त्यामुळे एक नंबर म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर, दोन नंबर म्हणजे 6, तीन म्हणजे साडेनऊ, चार म्हणजे जवळजवळ 13 आणि आठ नंबर म्हणजे पूर्ण इंच. झिरो म्हणजे शून्य लांबी नव्हे. कंगवा न चढवता नुसते पाते फिरवल्यावर जे उरते ते झिरो, आणि पात्याच्या ठेवणीनुसार ते अर्ध्यापासून दीड मिलिमीटरपर्यंत भरते. लांबीचे हे आकडे दिवसांत मांडले, तर वस्तरा फिरवल्यापासून एक नंबर गाठायला साधारण नऊ दिवस, दोन नंबरला अडीच आठवडे, तीनला चार आठवडे आणि चारला पाच आठवड्यांहून थोडे अधिक लागतात. मशीनचा नंबर हे अशा रीतीने लांबीचे जसे माप आहे तसेच ते काळाचेही आहे.

हे माप मात्र वाटते तितके काटेकोर नसते. केस त्वचेतून सरळ उभा बाहेर येत नाही, तिरका येतो, आणि डोक्याच्या मागच्या वरच्या भागात असलेल्या भोवऱ्याभोवती त्याची दिशा फिरत जाते. मशीन केसांच्या उलट दिशेने चालवली, तर कंगव्याचे दाते केसाला उभे करतात आणि तो ठरलेल्या उंचीवर कापला जातो. तीच मशीन केसांच्या दिशेने चालवली, तर केस आडवा झोपतो आणि त्याच नंबरने त्याची लांबी बरीच जास्त राहते. भोवऱ्यापाशी एकाच फटक्यात काही केस उलटे आणि काही सुलटे सापडतात, म्हणून तेथे मशीन तीन-चार दिशांनी फिरवली नाही, तर आठवडाभरात तेथे तुरा उभा राहतो. दोन भोवरे असणाऱ्याची दोन लग्ने होतात या समजुतीला आधार नसला, तरी त्याची हजामत दुप्पट काळजीने करावी लागते, एवढे कोणताही कारागीर मान्य करील.

वस्तऱ्यानंतर जे घडते ते समजण्यासाठी केसाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. त्वचेच्या वर दिसणारा केस हा मृत असतो. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या मृत पेशींचा तो तंतू आहे. जिवंत भाग त्वचेच्या पृष्ठभागापासून सुमारे तीन ते चार मिलिमीटर खोल, केशपुटकाच्या तळाशी असतो. केशपुटक म्हणजे त्वचेत खोवलेली ती नळी, जिच्या तळच्या फुगीर कंदात पेशींचे विभाजन चालते, तेथेच केसात रंगद्रव्य भरले जाते आणि तेथूनच तयार तंतू वर ढकलला जातो. वस्तऱ्याचे पाते या कंदापासून दूर, त्वचेच्या पातळीवरच थांबते, त्यामुळे वर काय कापले गेले याची वार्ता खाली पोहोचण्याचा कोणताही मार्ग नसतो. गोऱ्या किंवा गव्हाळ त्वचेच्या माणसाने वस्तरा फिरवल्यावर डोक्यावर जी निळसर-करडी झाक दिसते, ती याच नळ्यांत उरलेल्या काळ्या केसांची असते. त्वचेच्या अर्धपारदर्शक थरातून प्रकाश विखुरत जाऊन परत येताना काळा रंग निळसर भासतो. कितीही धारदार पाते वापरले तरी ही झाक जात नाही.

सर्व केस एकाच वेळी वाढत नसतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. प्रत्येक केशपुटकाचे स्वतंत्र चक्र असते: दोन ते सहा वर्षांची वाढीची अवस्था, दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची अवस्था आणि सुमारे तीन महिन्यांची विश्रांती, जिच्या शेवटी जुना केस गळून त्याच जागी नवा उगवतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही दिवशी 85 ते 90 टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेले बहुतेक विश्रांतीत. रोज पन्नास ते शंभर केस गळणे म्हणूनच स्वाभाविक मानले जाते. डोके भादरल्यावर विश्रांतीतला केसही कापला जातो, पण त्याचा खुंट वाढत नाही, तो आहे तेथेच राहतो आणि यथावकाश गळतो. त्यामुळे वस्तऱ्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारकाईने पाहिले, तर बहुतेक खुंट मिलिमीटरभर वर आलेले आणि दहातील एखादा मुळीच न हललेला असे दृश्य दिसते. त्वचारोगतज्ज्ञ या साध्या गोष्टीचा चाचणी म्हणून उपयोग करतात. डोक्याच्या लहानशा चौकोनातले केस त्वचेलगत कापून दोन-तीन दिवसांनी त्या जागेचे मोठे केलेले छायाचित्र घेतले, की किती केस वाढले आणि किती थांबून राहिले याची मोजदाद करता येते. या पद्धतीला फोटोट्रायकोग्राम म्हणतात. गळती वाढल्याची तक्रार खरी आहे की नुसती भीती आहे, हे ठरवायला ती उपयोगी पडते.

आता पहिल्या इंचाचा प्रवास पाहता येईल. वस्तऱ्यानंतर दिवसभरातच खुंट त्वचेबाहेर डोकावतो आणि डोक्यावरून उलटा हात फिरवल्यास खरखर लागते. पुढचे आठ-दहा दिवस ही खरखर सर्वांत तीव्र असते. टॉवेल आणि उशीचा अभ्रा डोक्याला अडकतो, टोपी सरकत नाही. या टोचण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले टोकाचे: न कापलेल्या केसाचे टोक निमुळते होत गेलेले असते, तर कापलेल्या केसाला सपाट, कडा असलेले तोंड असते. दुसरे कारण लांबीचे असून ते अधिक महत्त्वाचे आहे. एका बाजूने पक्क्या रोवलेल्या काडीच्या टोकाला बाजूने ढकलले, तर तिचा वाकण्यास होणारा विरोध लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी निम्मी झाली की विरोध आठपट होतो, आणि एक सेंटिमीटरच्या केसाच्या तुलनेत त्याच जाडीचा एक मिलिमीटरचा खुंट हजारपट ताठ ठरतो. खराट्याचा नवा, लांब हीर बोटाने सहज वाकतो आणि झिजून वीतभर उरलेला तोच हीर हाताला टोचतो, त्यातला प्रकार हाच आहे. हीर जाड झालेला नसतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे एक ते दोन नंबरच्या लांबीला, टोचणे ओसरून डोके मखमली लागू लागते आणि प्रत्येक केस आपापल्या मूळच्या कोनात स्पष्ट दिसतो. कपाळावरची केशरेषा, भोवरा, जुन्या जखमेचा वण, विरळ होत चाललेला माथा हे सगळे या काळात जितके उघड असते तितके आधी वा नंतर नसते. आनुवंशिक टक्कल सुरू झालेल्या पुरुषाला त्याची पहिली जाणीव पुष्कळदा अशा बारीक केसांतच होते, कारण त्या विकारात केशपुटके आक्रसून उत्तरोत्तर बारीक आणि फिके केस देऊ लागतात, आणि सर्वांची लांबी सारखी असताना जाडीतला फरक डोळ्यांना चटकन दिसतो. महिना उलटल्यावर केस कोणत्याही बाजूला बसण्यास नकार देतात; स्वतःच्या वजनाने झुकण्याइतके ते लांब नसतात आणि उभे राहून शोभण्याइतके आखूडही नसतात. केस वाढवण्याचा निश्चय मोडण्याचा काळ बहुधा हाच असतो. दोन इंचांच्या आसपास तेल आणि कंगवा यांचे ऐकण्याइतपत लवचीकपणा केसांना येतो.

हे सर्व लक्षात घेतले, की ‘वस्तरा फिरवला म्हणजे केस दाट येतात’ या समजुतीचा उगम सापडतो. नव्याने आलेले केस ताठ असतात, सपाट तोंडामुळे टोकाशी जाड दिसतात, उन्हाने आणि साबणाने फिके न पडल्यामुळे अधिक काळे असतात आणि सगळे एका लांबीचे असल्याने दाट भासतात. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे. अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 साली दाढी करणाऱ्या पुरुषांचे कापले गेलेले केस गोळा करून तपासले आणि दाढी केल्याने केसांच्या जाडीत वा वाढीच्या वेगात फरक पडत नसल्याचे दाखवून दिले. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात पाच तरुणांच्या एकाच पायावरचे केस काही महिने दर आठवड्याला काढले गेले व दुसरा पाय तुलनेसाठी तसाच ठेवला गेला. दोन्ही पायांवरील केसांत फरक आढळला नाही.

महाराष्ट्रात ही समजूत टिकवून धरण्याचे काम मुख्यतः जावळाने केले आहे. बाळाला मामाच्या मांडीवर बसवून त्याचे पहिले केस काढण्याचा हा विधी पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी, बहुधा कुलदैवताच्या ठिकाणी होतो, आणि त्यानंतर आलेले केस खरोखरच आधीच्यापेक्षा दाट दिसतात. पण जन्माच्या वेळचे केस मुळातच मऊ व बारीक असतात. त्यांतले पुष्कळसे पहिल्या काही महिन्यांत आपोआप गळतात, डोक्याच्या मागच्या भागात तर टकलाचा पट्टाच पडतो, आणि वयाबरोबर केशपुटके मोठी होत जाऊन जाड केस देऊ लागतात. जावळ काढले नसते तरी हे घडलेच असते. विधीची वेळ आणि या नैसर्गिक बदलाची वेळ एकमेकांच्या इतक्या जवळ येतात, की श्रेय वस्तऱ्याकडे जाणे अपरिहार्य होते. विधीमागची हौस आणि आप्तांचा मेळा यांना या स्पष्टीकरणाने बाधा येण्याचे कारण नाही.

अगदी आखूड केस हे मराठी समाजात सार्वजनिक लिखाणासारखेही वाचले गेले आहेत. मुलाच्या डोक्यावर शेंडी राखून बाकीचे केस काढलेले असतील तर मुंज झाली, पूर्ण चकोट असेल तर तिरुपतीला जाऊन आला, आणि प्रौढ पुरुष मिशांसह क्षौर करून दिसला तर घरात कोणी गेले, असे तर्क लोक क्षणार्धात करतात; केसांच्या लांबीवरून साधारण किती दिवस झाले याचा अंदाजही बांधतात. या वाचनाचे सर्वांत क्रूर रूप म्हणजे विधवांचे केशवपन. ते एकदा होऊन संपणारे नव्हते. महिन्याला सेंटिमीटरभर केस येणार हे शरीराचे देणे असल्यामुळे ठराविक दिवसांनी न्हाव्यापुढे पुन्हा बसणे त्या स्त्रीला जन्मभर चुकत नसे, आणि अपमानाची धार या पुनरावृत्तीतच होती. 1890 साली मुंबईतील न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा ठराव केला. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. या बहिष्काराचे सामर्थ्य पाहण्याजोगे आहे. रूढी मोडण्यासाठी त्या कारागिरांना काही करावे लागणार नव्हते, केवळ हात मागे घ्यायचा होता. उरलेले काम दिवसाला तिसऱ्या हिश्श्याएवढ्या मिलिमीटरने केशपुटकांनीच पार पाडले असते. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी झटणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी बरीच वर्षे केशवपन केलेल्या विधवेचा वेष पाळून पुढे केस वाढवले, तेव्हा त्यांनाही हा पहिला इंच लोकांच्या नजरेसमोरच ओलांडावा लागला असणार, कारण केस वाढवण्याचा निर्णय गुप्त ठेवता येत नाही. पंधरवड्यात पाच मिलिमीटर तो जाहीर करतात.

आज मुळाशी उगवणारे हेच पाच मिलिमीटर वेगळ्या कारणाने लपवले जातात. गोदरेज कुटुंबाने 1940च्या दशकात विक्रोळीत मोठी जमीन घेऊन पिरोजशानगर वसवले आणि त्याच परिसरात मुख्यालय असलेली गोदरेज कन्झ्युमर प्रॉडक्ट्स ही कंपनी आज देशभरात केसांचा काळा रंग विकते. असा रंग केसाच्या मृत तंतूत शिरून तेथे पक्का होतो, पण रंगद्रव्य जेथे तयार होते त्या कंदापर्यंत तो जात नाही. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात भांगाजवळ सात मिलिमीटरची पांढरी रेघ दिसू लागते आणि रंगाचा ब्रश पुन्हा हाती घ्यावा लागतो. दोन नंबरचे केस ठेवणाऱ्याचा रंग तर एका हजामतीत निघून जातो. शिवाय केस फार आखूड असले, की रंग त्वचेला अधिक लागतो आणि त्यातील पॅराफेनिलिनडायअमीन या रसायनाची ॲलर्जी असणाऱ्यास त्याचा त्रासही अधिक होतो.

आखूड केसांत रोगाच्या खुणाही वाचता येतात. चाई पडते तेव्हा शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच केशपुटकांवर चालून जाते, आणि गुळगुळीत गोल चट्ट्याच्या कडेला वर जाड व मुळाशी निमुळते असे तीन-चार मिलिमीटरचे केस दिसतात, ज्यांना उद्गारचिन्ही केस म्हणतात. चाईतून सावरताना येणारी पहिली लव पुष्कळदा पांढरी असते व नंतर काळी होते. ती पाहून घाबरण्याचे कारण नसते. लहान मुलांच्या डोक्यावरच्या नायट्यात केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके उरतात, आणि बुरशी नळीच्या आत असल्यामुळे नुसते मलम पुरत नाही, पोटात औषध घ्यावे लागते. हा रोग कंगव्यातून व मशीनमधून पसरू शकतो, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकानंतर मशीन साफ करणे हे वस्तऱ्याची पत्ती बदलण्याइतकेच आवश्यक आहे. खोल भाजल्याने जेथे केशपुटकेच नष्ट झाली, तेथे त्वचा चकचकीत व रंध्रहीन दिसते, आणि तेथे कोणतेही तेल केस आणू शकत नाही.

पहिल्या इंचाकडे सर्वांत उत्सुकतेने पाहणारे लोक परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी केमोथेरपी घेऊन परतलेले असतात. 1941 साली सुरू झालेल्या या रुग्णालयात विक्रोळीसारख्या उपनगरांतून लोकलने ये-जा करणारे रुग्ण पुष्कळ आहेत. केमोथेरपीची अनेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात, आणि कर्कपेशींबरोबर केसांच्या कंदातील पेशीही त्यात सापडतात. उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस झुबक्यांनी गळू लागतात. काही जण त्याआधीच डोक्यावर मशीन फिरवून घेतात, तेव्हा उरलेले खुंटही नंतर गळून उशीवर पडतात. शेवटच्या मात्रेनंतर साधारण एक ते तीन महिन्यांत लव दिसू लागते. लांबी तीच असली, तरी हा सेंटिमीटर वस्तऱ्यानंतरच्या सेंटिमीटरपेक्षा वेगळा असतो: येथे केस कापलेला नसून तळापासून नव्याने जन्मलेला असतो, त्यामुळे त्याचे टोक निमुळते व स्पर्श मऊ असतो, आणि सगळी केशपुटके एका वेळी कामाला लागत नसल्यामुळे लांबीही असमान असते. रंग कधी करडा येतो, पूर्वी सरळ असलेले केस कधी कुरळे येतात. कंद सावरत असताना तंतूची घडण बदलते, म्हणून हे घडते. बहुतेकांच्या बाबतीत सहा महिन्यांपासून वर्षभराच्या काळात जुना पोत बऱ्याच अंशी परततो, आणि तोवर कुरळ्या टोकांना कात्री लावायची की ती वाढू द्यायची, हा निर्णय वैद्यकीय राहत नाही, केवळ आवडीचा असतो.